लेकीला सांगू नका म्हणणाऱ्यांना

घरात कुणाचा कॅन्सर चौथ्या स्टेजचा निघाला आणि त्या घरात लहान मूल असलं, की नातेवाइकांचा पहिला ठराव होतो तो मुलाला काही न सांगण्याचा. दुसरं मत कुठल्या डॉक्टरांचं घ्यायचं, पैसे कुठून उभे करायचे, यावर वाद होतात. या एका मुद्द्यावर कधीच होत नाहीत. ‘लहान आहे, तिला काय कळतंय.’ ‘उगीच कोवळ्या मनावर कशाला?’ आणि मग, ‘थोडे दिवस मामाकडे पाठवून द्या.’ मला स्तनाचा कॅन्सर आहे, तो हाडांपर्यंत पोचलेला आहे आणि माझी मुलगी दुसरीत आहे. आमच्याकडे हा ठराव मी दवाखान्यात असताना झाला. घरी आल्यावर मी तो मोडला. त्यावरून जे ऐकून घ्यावं लागलं आणि अजून लागतं, त्याला हे उत्तर आहे. ज्याचं त्याचं मत म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. यात नुकसान मुलांचं होतं, आणि ते बोलून दाखवायला मुलांजवळ शब्द नसतात.

आधी ‘तिला काय कळतंय’ हेच घेऊ. ठराव चालू होता त्या दिवसांत माझ्या मुलीला सर्दी झाली. मी घेते त्या गोळ्यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली येतात, साधा संसर्गही महागात पडू शकतो, म्हणून तिला आजीच्या खोलीत झोपवायला लागले. कारण कुणी सांगितलं नाही. ‘आईला आराम करू दे,’ एवढंच. त्याच सुमारास माझ्या मणक्याला रेडिएशन चालू होतं आणि वजन उचलायला सक्त मनाई होती, त्यामुळे ती धावत आली की मी दोन्ही हात पुढे करून तिला लांबच थोपवायची. पेट स्कॅनच्या दिवशी तर किरणोत्सारी औषध टोचल्यावर काही तास लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून दूर राहायला सांगतात. मी घरी आल्यावर सरळ आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. ती दाराबाहेर बसून होती. संध्याकाळी आजीला तिने विचारलं, ‘मी त्या दिवशी दूध सांडलं म्हणून आई मला जवळ घेत नाही का?’

हे तिला ‘कळलेलं’ होतं. मोठ्यांनी जागा रिकामी ठेवली की मूल ती स्वतःच्या बुद्धीने भरतं, आणि त्या वयात प्रत्येक गोष्टीचं कारण आपणच आहोत असं वाटत असतं. आईचं दुखणं आपल्या हट्टामुळे आलं, बाबा आपण रागाने काहीतरी बोललो म्हणून आजारी पडले, असं पाच-सहा वर्षांचं मूल अगदी मनापासून धरून बसतं. बालमानसशास्त्राचं कुठलंही पुस्तक उघडलं तरी हे सापडेल. तेव्हा गप्प राहून आपण मुलाला दुःखापासून लांब ठेवलं, हा निव्वळ आपला समज. दुःख त्याच्यापर्यंत पोचलेलंच असतं, वर अपराधीपणाही येतो, आणि तो काढून टाकायला कुणी जवळ बसलेलं नसतं.

मृत्यूबद्दल मुलांना नेमकं काय समजतं, याचा अभ्यास नवा नाही. बुडापेस्टमधल्या मुलांशी बोलून मारिया नागी यांनी १९४८ मध्ये जो निबंध छापला, त्यात तीन वर्षांच्या मुलांपासूनची चित्रं आणि बोलणी आहेत. पुढे १९८४ मध्ये स्पीस आणि ब्रेंट या दोघांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा दिसलं की गेलेलं माणूस परत येत नाही, त्याचं शरीर काम करायचं थांबतं आणि हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं, एवढं बहुतेक मुलांना पाच ते सात या वयात समजायला लागतं. त्याहून हलवून टाकणारं काम मायरा ब्लूबाँड-लँगनर यांचं. अमेरिकेतल्या एका रुग्णालयात ल्युकेमियाच्या लहान मुलांमध्ये त्या राहिल्या, आणि १९७८ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. आपण मरणार आहोत हे त्या मुलांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांना ते ठाऊक होतं. आणि आपल्याला ठाऊक आहे हे ती आईवडिलांना कळू देत नव्हती, कारण कळलं तर त्यांना वाईट वाटेल. ती मुलं स्वतः आजारी होती, हा फरक आहेच. पण मोठे गप्प आहेत हे पाहून मूल मोठ्यांनाच सांभाळायला लागतं, हे माझ्या घरात मी निरोगी मुलीच्या बाबतीत पाहिलं. त्या आठवड्यांत तिने माझ्याकडे एकदाही काही मागितलं नाही. नातेवाईक म्हणाले, ‘बघ, किती शहाणी झालीय.’

दुसरा आक्षेप जरा विचार करून घेतलेला असतो. मुलांना बसवून सांगायचं, समुपदेशक गाठायचे, हे परदेशी खूळ आहे म्हणे. आपल्याकडे मूल एकट्या आईचं नसतं, आजी असते, काकू असते, मावशी असते, चार हात सांभाळून घेतात. चार हातांची किंमत मला माहीत आहे. सासूबाई नसत्या तर माझं घर उभं राहिलं नसतं. पण आपल्या जुन्या घरांत मृत्यू मुलांपासून लपवत होते, हे मात्र खरं नाही. वाड्यात माणूस माजघराशेजारच्या खोलीत आजारी पडायचं आणि तिथेच जायचं. मुलं पाणी नेऊन द्यायची, पाय चेपायची, शेवटी तुळशीपत्र ठेवताना दाराशी उभी असायची. नचिकेता हा मुलगाच होता, आणि तो यमालाच जाऊन मरणाबद्दल विचारतो. ही गोष्ट आपण मुलांना सांगत आलो. लपवालपवी आली ती आजारपण घरातून आयसीयूत गेल्यावर. दारावर ‘बारा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही’ अशी पाटी लागली, आणि ती पाटीच आपण परंपरा म्हणून घरी आणली.

आणि मामाकडे पाठवण्याचं म्हणाल, तर त्या पद्धतीचे साक्षीदार आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत. आज पन्नाशी-साठीत असलेला असा एखादा काका शोधा, ज्याचे आई किंवा वडील त्याच्या लहानपणी गेले. त्याला शांतपणे विचारा. परीक्षा बुडू नये म्हणून कळवलं नव्हतं, घरी आलो तेव्हा फोटोला हार होता, असं सांगणारी माणसं मला माझ्या दुखण्यानंतर इतकी भेटली की मी चकित झाले. एरवी कधी न बोलणारे लोक माझ्याजवळ बसून हे बोलले. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्यातही श्याम घरी पोचतो तेव्हा आई गेलेली असते. ते पुस्तक वाचून महाराष्ट्राच्या तीन पिढ्या रडल्या आणि तरी मुलाला वेळेवर कळवायचं, एवढा साधा धडा आपण त्यातून घेतला नाही.

आता माझा खरा मुद्दा. हा ठराव ज्या आजारासाठी जन्माला आला, तो आजारच बदलला आहे. पूर्वी शरीरात पसरलेला कॅन्सर म्हणजे बहुधा काही महिन्यांची गोष्ट असायची. महिने कसेबसे लपवता येत असतील, वर्षं लपवता येत नाहीत. हर-टू प्रकारच्या स्तनाच्या कॅन्सरवर ट्रास्टुझुमॅब १९९८ मध्ये आलं आणि ज्या बायकांचा आजार सगळ्यात दांडगा मानला जायचा, त्यांतल्या कितीतरी जणी वर्षानुवर्षं जगायला लागल्या. संप्रेरकांवर वाढणाऱ्या प्रकारासाठी पाल्बोसिक्लिबसारख्या गोळ्या आल्या. २०२३ च्या जानेवारीत पाल्बोसिक्लिबचं पेटंट आपल्याकडे संपलं, भारतीय कंपन्यांच्या गोळ्या दुकानात आल्या आणि आमच्यासारख्या घरांना ती परवडायला लागली. एकवीस दिवस गोळी, सात दिवस सुट्टी, महिन्याला हाडांचं इंजेक्शन, तीन-चार महिन्यांनी स्कॅन. मी अशी जगते. केस गेलेले नाहीत, त्यामुळे ‘तुला काही झालंय असं वाटतच नाही’ हे मला रोज ऐकू येतं. पण मी बरी होणार नाही. आजार आवरून धरलेला आहे, आणि एक औषध चालेनासं झालं की दुसरं, मग तिसरं, अशी ही वाट आहे. ती किती लांब आहे हे माझ्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

अशा आजारात मुलाला काय सांगून ठेवणार? ‘आईला ताप आहे’? दोन वर्षं ताप असतो का? मुलगी वाचायला शिकली आहे. फाइलवरचं रुग्णालयाचं नाव ती वाचते, आणि त्या नावातच कॅन्सर हा शब्द आहे. वर्गात तंबाखूविरोधी कार्यक्रमात कॅन्सरवर चित्र काढायला सांगतात. सोसायटीत खेळताना एखादं मोठं मूल म्हणतंच, ‘तुझ्या आईला कॅन्सर आहे ना? माझी आई सांगत होती.’ ही बातमी मुलाला मिळणारच. ती आपल्या माणसाकडून मिळावी की जिन्यात, एवढंच ठरवणं आपल्या हातात असतं.

वडिलांबद्दल तर कुणी बोलतच नाही. महाराष्ट्रात तोंडाचा कॅन्सर तिशी-चाळिशीतल्या पुरुषांना गाठतो. तंबाखू, गुटखा, मावा. त्यांची मुलं शाळेत जाणारी असतात. जबडा काढलेला, नाकातून नळी, बोलणं अस्पष्ट, अशा बाबांजवळ जायला मूल घाबरतं आणि घरचे म्हणतात, नका नेऊ त्याला. बाप भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये दाखवून दिलं, की बरा होऊ न शकणाऱ्या डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये नेहमीच्या स्वस्त गोळ्यांच्या जोडीला निव्होलुमॅब अगदी थोड्या मात्रेत, दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, दिलं तर वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर जातं. जे औषध पूर्ण मात्रेत लाखो रुपयांचं, ते गरिबाच्या आवाक्याजवळ आणण्याची ही खटपट होती. त्यातून बापाच्या हाती जे महिने येतात, ते त्याने मुलाला न भेटता काढायचे का? मुलाला आधी सांगितलं, की बाबांच्या तोंडाचं ऑपरेशन झालंय, चेहरा वेगळा दिसेल, बोलणं नीट कळणार नाही पण तुझं सगळं त्यांना ऐकू येतं, तर मूल जवळ जातं. थोडं बिचकतं आणि जातं.

‘लेकीकडे बघून तरी बरी हो.’ हे वाक्य मला इतक्या मायेने ऐकवलं गेलं आहे, की बोलणाऱ्यांना दुखवायला जीव होत नाही. तरी बोलावं लागणार, कारण सगळ्यांत जास्त विष याच वाक्यात आहे. हे मुलीसमोर बोललं जातं. तिला काय कळतं यातून? की आई बरी होणं हे आईच्या मनावर आहे, आणि आईचं मन तिच्यावर. उद्या मी गेले तर तिने काय समजायचं? आईला मी पुरेशी आवडत नव्हते? मी अजून शहाण्यासारखं वागायला हवं होतं? मनाच्या जोरावर कॅन्सर मागे हटत नाही. जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरचे हजारावर रुग्ण तपासले, आणि रुग्णाची मनःस्थिती चांगली असण्याचा आयुष्य वाढण्याशी काही संबंध आढळला नाही. मन चांगलं असलं तर दिवस चांगला जातो. ते पुष्कळ आहे, आणि त्यासाठी मी धडपडतेही. पण माझ्या पेशी माझ्या मुलीकडे बघून वागत नाहीत, आणि हे तिला आत्ताच पक्कं माहीत असायला हवं.

तेव्हा मी सांगितलं. एका बैठकीत सगळं सांगितलं नाही, तसं कुणी सांगूही नये. आजाराचं नाव सांगितलं. तो पाठीच्या हाडात आहे म्हणून तुला उचलता येत नाही, पण मी खाली बसले की तू मांडीत येऊ शकतेस. तो तुला लागत नाही. तुझ्या वागण्यामुळे, बोलण्यामुळे, दूध सांडल्यामुळे तो झालेला नाही. स्कॅनच्या दिवशी औषधामुळे मला लांब राहावं लागतं, आणि त्या दिवशी आपण दाराच्या दोन बाजूंना बसून बोलू. हे ऐकून ती खेळायला निघून गेली. मुलं अशीच ऐकतात, घोटाघोटाने. अर्ध्या तासाने परत येऊन पोळी खाता खाता तिने विचारलं, ‘मग तू मरणार का?’

सासूबाई ओट्याशी होत्या. त्यांचा हात थांबला. मी म्हटलं, ‘आत्ता नाही. हा आजार पूर्ण जाणारा नाहीये, औषधं त्याला आवरून धरतात. कधीतरी औषधं चालेनाशी होतील. तसं झालं तर मी तुला स्वतः सांगेन. तुला दुसऱ्या कुणाकडून कळणार नाही.’ तिने विचारलं, मग माझी वेणी कोण घालणार. मी म्हटलं, बाबा शिकतील. ती म्हणाली, बाबांना येत नाही, आजी घालेल. आणि पोळी संपवली. रात्री मात्र रडली, पुष्कळ रडली, माझ्या कुशीत. पुढचे कित्येक दिवस झोपेतून उठून मी आहे ना हे बघायला येत राहिली.

इथे लोक मला पकडतात. ‘बघ, रडवलंस ना तिला!’ हो, रडली. सांगितल्याने दुःख कमी होतं, असा माझा दावाच नाही. आईला असा आजार असेल तर मूल रडणारच, आणि त्याने कुणाच्या तरी कुशीत रडावं. आधीच्या आठवड्यांत ती दाराबाहेर बसून होती. त्या दोन्हींतलं कुठलं चालेल, हे ठरवायचा हक्क दार ज्याने लावलं त्याला कसा असेल? तिने प्रश्न विचारणं थांबवलेलं नाही, हा मला मिळालेला पुरावा आहे. परवा विचारत होती, की तुझ्या पांढऱ्या पेशी आल्या का परत. आल्या होत्या.

सासूबाईंनाही मी दोष देत नाही. त्यांचा धाकटा दीर आजारी पडला तेव्हा त्याच्या मुलांना असंच दूर ठेवलं होतं, आणि त्यांना दुसरी रीत कुणी दाखवलीच नाही. आता शाळेतून आणल्यावर त्याच माझ्या मुलीला सांगतात, आज आईचं इंजेक्शन आहे, दमलेली असेल, हळू जा.

घरच्यांना एवढं बोलल्यावर रुग्णालयांना सोडणं बरोबर होणार नाही. परळला टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे, आणि तेव्हापासून आजतागायत माणसं विदर्भातून, मराठवाड्यातून, बिहार-बंगालमधून मुलांना गावी टाकून येतात. काहींना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते, काहींना फुटपाथवर पडून राहावं लागतं. त्यांना मुलापासून दूर राहायचं की नाही, हे निवडायची सोयच नसते. ज्या मजूर बाईचं पोर चंद्रपूरला आजीजवळ आहे, तिला मी ‘जवळ घेऊन सांग’ कुठल्या तोंडाने म्हणू? पण रोज रात्री ती फोन करतेच ना. त्या फोनवर ‘आई उद्या येणार’ असं महिनोन्‌महिने सांगण्याऐवजी काय सांगावं, कसं सांगावं, हे तिला कुणीतरी शिकवायला हवं. आणि बार्शी, नागपूर, छत्रपती संभाजीनगरसारख्या ठिकाणी होऊ शकणाऱ्या उपचारांसाठी तिला मुंबईला यावं लागू नये, हाही मुलांचाच प्रश्न आहे. तो तसा कुणी मांडत नाही.

हे शिकवणारी माणसं आहेत. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे आजाराचा त्रास हलका करणाऱ्या सेवेच्या, पथकांत समुपदेशक असतात, आणि घरात मूल आहे का हे ते पहिल्या भेटीत विचारतात. पण आपल्याकडे त्या विभागाची चिठ्ठी हातात पडली की कुटुंब हादरतं, आता संपलं असं समजतं, आणि जातच नाही. डॉक्टरही ती चिठ्ठी शेवटच्या पंधरवड्यात लिहितात. जेनिफर टेमेल यांचा पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरवरचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निदान झाल्या झाल्या नेहमीच्या उपचारांबरोबर ही सेवा सुरू केलेल्या रुग्णांचे दिवस जास्त चांगले गेले, त्यांना नैराश्य कमी आलं, आणि ते सरासरी अडीच-पावणेतीन महिने जास्तही जगले. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून हे काम करतं. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन त्याच्याही आधी, १९८६ मध्ये उभं राहिलं. म्हणजे हे काम आपल्याकडे अनोळखी नाही, फक्त ते निदानाच्या दिवसापासून सुरू व्हायला हवं.

केस पेपरवर वय, वजन, रक्तगट, विमा, योजनेचं कार्ड, सगळं विचारतात. घरी लहान मूल आहे का, किती वर्षांचं, त्याला काय माहीत आहे, हे विचारायला एक ओळ पुरते. प्रवेशबंदीच्या पाटीखाली आठवड्यातून एखादी वेळ ठरवता येते, जेव्हा सर्दी-खोकला नसलेलं मूल हात धुऊन आत जाऊन आईला भेटेल. शाळेत वर्गशिक्षिकेला कळवण्यासाठी रुग्णालयाने एक साधं पत्र द्यावं, म्हणजे दर खेपेला आजारी माणसालाच फाटकाशी उभं राहून आपली कहाणी सांगावी लागणार नाही. यातल्या कशालाही नवं यंत्र लागत नाही. आणि नातेवाइकांनी पुढच्या वेळी मुलाला मामाकडे नेण्याआधी, त्याच्या आईला एकदा विचारावं.